जुना वस्तरा : ओळख आणि डागडुजी

वाडवडिलांच्या पेटींत, जुन्या पत्रांच्या आणि काडी मोडलेल्या चष्म्यांच्या शेजारीं, कधीं कधीं एक काळपट लांबट वस्तु सांपडते. दोन फळ्यांची मूठ, तिच्या पोटांत मिटलेलें पातें, आणि मागच्या बाजूस डोकावणारी एक वळलेली शेपटी. हा वस्तरा आहे एवढें घरांतील तरुण मंडळींना कळतें. तो कोणाचा, केव्हांचा, कोठला, हें सांगणारें माणूस बहुधा उरलेलें नसतें. मग एखादा उत्साही गृहस्थ त्याच्यावर पॉलिश कागद चालवितो, किंवा कोपऱ्यावरच्या दुकानांत देऊन त्यावर बफ मारून आणतो. अर्ध्या तासांत वस्तरा आरशासारखा लखलखूं लागतो; आणि त्याच अर्ध्या तासांत त्याच्यावरील नांव, कारखान्याची खूण आणि पुष्कळदां पोलादाचें पाणी, हीं सर्व नाहींशीं झालेलीं असतात. गंजाला शंभर वर्षांत जें साधलें नाहीं तें हौसेनें एका दुपारीं साधतें.

क्षौराचें हत्यार म्हणून वस्तरा पुरातन आहे. ऋग्वेदांत ‘क्षुर’ शब्द येतो आणि ‘क्षौर’ हा त्याच्याच कुळांतला. परंतु मुठींत मिटणारें, मागें शेपटी असलेलें जें हत्यार आज जुन्या पेट्यांतून निघतें तें बहुतांशीं युरोपांतील दोन गांवांचें अपत्य होय: इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनींतील सोलिंगेन. फ्रान्समधील तिएर, स्वीडनमधील एस्किल्स्टुना आणि अमेरिकेंतील कांहीं कारखाने यांनींहि उत्तम माल काढला. आपल्याकडील न्हाव्याच्या धोपटींत नऱ्हाणी, कातर, वाटी आणि निसणा यांच्या जोडीला स्थानिक लोहारानें घडविलेला वस्तराहि असे. त्याच्यावर छाप बहुधा नसतो, म्हणून त्याचा इतिहास पोलादावरून नव्हे तर घरच्या आठवणीवरूनच लागावयाचा.

या हत्याराचें राज्य गेलें तें मोठ्या चमत्कारिक रीतीनें. अमेरिकेंत किंग जिलेट याच्या कंपनीनें पातें बदलण्याचें क्षौरयंत्र विक्रीस आणलें तेव्हां १९०३ सालीं अवघीं ५१ यंत्रें आणि १६८ पातीं खपलीं. पुढच्याच वर्षीं यंत्रांची विक्री नव्वद हजारांवर गेली. पहिल्या महायुद्धांत सैनिकांच्या सामानांत हें यंत्र शिरलें आणि युद्धाहून परतलेल्या पिढीनें घरचा वस्तरा कपाटांत टाकला. न्हाव्याच्या दुकानांत तो त्यानंतर पुष्कळ वर्षें टिकला. विसाव्या शतकाच्या अखेरीस एड्सच्या रोगाविषयीं जागृति झाल्यावर तेथेंहि दर गिऱ्हाइकागणिक नवें अर्धे पातें बसविण्याची मूठ आली, आणि तें योग्यच झालें. अशा रीतीनें हजारों वस्तरे निरुपयोगी न होतांच निवृत्त झाले. आज पेटींत जो सांपडतो तो मोडला म्हणून टाकलेला नसतो. नुसता ठेवून दिलेला असतो. त्याची डागडुजी शक्य होते ती यामुळेंच.

तथापि डागडुजीच्या आधीं वाचन. वस्तऱ्याचें सर्व लिखाण त्याच्या मानेवर असतें. पातें संपून शेपटी सुरू होण्यापूर्वीं जो जाड, चपटा भाग असतो त्याला मान म्हणतां येईल. तिच्या दोन्ही बाजू भिंगाखालीं, तिरप्या उजेडांत पाहाव्या. अक्षरें झिजलीं असतील तर त्यांवर खडूची पूड चोळून वरचेवर पुसावी; खोलगट अक्षरांत पांढरी पूड राहते आणि नांव दिसूं लागतें. येथें एक थेंबहि आम्ल किंवा एक घासहि पॉलिश कागद लावूं नये.

नांवापेक्षां इतर शब्द अधिक बोलके असतात. ‘कास्ट स्टील’ हे शब्द शेफील्डच्या मालावर वारंवार दिसतात. १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन या घड्याळे बनविणाऱ्या कारागिरानें पोलाद मुशींत संपूर्ण वितळविण्याची युक्ति काढली. त्याआधींचें पोलाद ठिकठिकाणीं कमीअधिक कठीण निघे. मुशींतलें पोलाद सर्वत्र सारखें. वस्तऱ्यासारख्या बारीक धारेला याहून मोठें वरदान मिळावयाचें नव्हतें. मुकुटाखालीं कोरलेलीं राजाचीं आद्याक्षरें हाहि एक पुरावा. ‘डब्ल्यू आर’ असेल तर चौथ्या विल्यमचा काळ, म्हणजे १८३० ते १८३७. ‘व्ही आर’ असेल तर व्हिक्टोरिया राणीचा, १८३७ ते १९०१. ‘जी आर’ मात्र फसवें आहे, कारण जॉर्ज नांवाचे राजे १८३० पूर्वींहि होते आणि १९१० नंतरहि. अशा वेळीं देशाचें नांव कामीं येतें. इंग्लंडांत १८८७ सालीं व्यापारी खुणांचा कायदा झाला, आणि अमेरिकेच्या १८९० च्या जकातीच्या कायद्यानें आयात मालावर मूळ देशाचें नांव घालणें भाग पडलें. म्हणून ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ हा शब्द मानेवर असेल तर वस्तरा बहुधा १८९० च्या आगेमागें किंवा नंतरचा. उलट, तो शब्द नसला म्हणून वस्तरा त्यापूर्वींचा ठरत नाहीं. जो माल अमेरिकेस जावयाचा नव्हता त्यावर तो नसूंहि शके. विक्रेते नेमका हा दुसरा भाग सांगावयाचें विसरतात.

कारखान्यांच्या खुणा हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय. शेफील्डच्या हत्यारें बनविणाऱ्यांचा संघ १६२४ सालच्या कायद्यानें स्थापन झाला आणि त्याच्या दप्तरीं खुणांची नोंद होऊं लागली. जोसेफ रॉजर्स यांची खूण तारा आणि माल्टी क्रूस. बुचर यांची बाण आणि क्रूस. वोस्टनहोम यांची ‘आय-एक्स-एल’, जिच्या उच्चारांतच ‘मी सरस आहें’ असा श्लेष आहे. सोलिंगेनच्या हेंकेल्स घराण्याची जुळ्या भावांची खूण १७३१ सालापासून नोंदलेली आहे. प्रतिष्ठित खुणांची नक्कल पूर्वींहि होत असे. ‘सोलिंगेन’ या गांवाच्या नांवाचा दुरुपयोग इतका वाढला कीं १९३८ सालीं त्या नांवास कायद्याचें संरक्षण द्यावें लागलें. तात्पर्य, खूण हा एक साक्षीदार, पंच नव्हे.

खुणेवर किती विसंबावें याचें उत्तम उदाहरण म्हणजे ‘सिल्व्हर स्टील’, रुपेरी पोलाद, हा छाप. आणि त्याची कथा थेट मुंबईस येऊन पोंचते. दक्षिण हिंदुस्थानांत मुशींत होणाऱ्या पोलादाला पाश्चात्त्य ग्रंथांत ‘वूट्झ’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले. त्यांवर जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध १७९५ सालीं प्रसिद्ध झाला. लंडनचा हत्यारें बनविणारा जेम्स स्टोडार्ट या पोलादावर इतका लुब्ध झाला कीं आपले वस्तरे आणि शस्त्रवैद्यांचीं हत्यारें हिंदी पोलादाचीं आहेत अशी जाहिरात तो करूं लागला. पुढें याच स्टोडार्टनें मायकेल फॅरेडे यांच्या साह्यानें, हें हिंदी पोलाद इतकें चांगलें कां, याचा शोध आरंभिला. त्यांना वूट्झचें रहस्य पूर्णपणें सांपडलें नाहीं. परंतु पोलादांत निरनिराळे धातु मिसळून पाहतां पाहतां त्यांना दिसलें कीं चांदीचा पांचशेंवा हिस्सा मिसळल्यास पोलाद उत्तम होतें, त्याहून अधिक चांदी पोलादांत सामावत नाहीं. १८२२ च्या सुमारास हें प्रसिद्ध होतांच शेफील्डनें तो शब्द उचलला. थोड्याच काळांत ज्याच्या त्याच्या वस्तऱ्यावर ‘सिल्व्हर स्टील’ झळकूं लागलें, आणि त्यांतील बहुतेकांत चांदी नांवापुरतीच राहिली. तरी ओळखीच्या दृष्टीनें हा छाप मोलाचा. तो असलेला वस्तरा १८२० च्या आधींचा असणें संभवत नाहीं, एवढें तरी तो खात्रीनें सांगतो. मग त्यांत चांदी असो वा नसो.

आकारावरूनहि काळ कळतो. अठराव्या शतकांतील वस्तऱ्यांना शेपटी नसे किंवा असली तर अगदीं आखूड. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं ती लांबूं लागली. पात्याचा आडवा छेद जुन्या वस्तऱ्यांत पाचरीसारखा भरीव असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पात्याच्या दोन्ही बाजू दगडी चाकावर आंतून खोलगट घासण्याची कला वाढली आणि सोलिंगेननें तींत विशेष प्रावीण्य मिळविलें. अशा पात्यावर नखानें टिचकी मारली तर तें किणकिणतें. मूठ शिंगाची, हाडाची, हस्तिदंताची, कांसवाच्या पाठीची, लांकडाची किंवा सेल्युलॉइडची असते. उजेडासमोर धरल्यास शिंगांतील तंतु दिसतात. हाडावर बारीक काळे ठिपके असतात. हस्तिदंताच्या कापलेल्या टोकावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइड अंगठ्यानें जोरानें घासलें कीं कापुराचा वास येतो. हा पदार्थ अमेरिकेंत १८७० च्या सुमारास निघाला, म्हणून ती मूठ त्यापूर्वींची असूं शकत नाहीं. पातें मात्र जुनें आणि मूठ मागाहून बसविलेली, असें असूं शकतें. ओळखण्यासाठीं तापलेली सुई टोंचण्याचा सल्ला कित्येक देतात. तो कदापि मानूं नये, कारण सेल्युलॉइड भडकन् पेट घेतें. हस्तिदंताविषयीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावयाची: वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आणि त्यांतील पुढील दुरुस्त्या यांमुळें भारतांत त्याची खरेदीविक्री बंद आहे. अशी मूठ असलेला वस्तरा बाजारांत दिसला तर मोह आवरावा.

इतकें वाचून झाल्यावर परीक्षा. पहिला प्रश्न, पात्याला चीर आहे काय? स्पिरिटचा बोळा पात्यावरून फिरवून तें वाळूं द्यावें. अखंड पोलाद एकसारखें वाळतें, चिरेच्या जागीं केसासारखी ओली काळी रेघ क्षणभर अधिक राहते. ती धारेपासून निघालेली असली तर तो वस्तरा गालाला लावण्याची भाषा सोडून द्यावी. दुसरा प्रश्न, गंजाचे खळगे कोठें आहेत? पाठीवरचे खळगे केवळ कुरूप. धारेलगतचे खळगे घातक, कारण धार लावतां लावतां ती खळग्यापर्यंत पोंचते आणि तेथें तिला खांड पडते. तिसरी परीक्षा पाठीची. धार लावतांना वस्तरा निसण्यावर आडवा, धार आणि पाठ दोन्ही टेकवून फिरवावयाचा असतो. त्यामुळें पाठीवर दोन्ही बाजूंस एक एक चपटा पट्टा झिजतो. दोन्ही पट्टे सारखे असतील तर आधींचा मालक जाणता होता. एक रुंद आणि एक अरुंद असेल तर पातें तरी वाकडें, नाहीं तर हात वाकडा. धारेची रेषा बाहेर किंचित् फुगलेली असली तर बिघडत नाहीं, जुने वस्तरे तसे घडवीतच. ती मध्यें आंत वळली असेल तर मात्र दोष समजावा.

पाठीचें एवढें महत्त्व कां, हें कळल्यावांचून डागडुजींतील निम्मे अपघात टळावयाचे नाहींत. धारेचा कोन हातानें ठरवावा लागत नाहीं. तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांनींच ठरलेला असतो. पातें पाऊण इंच रुंद आणि पाठ पांच मिलिमीटर जाड असेल तर धारेचा कोन सुमारें पंधरा अंशांचा येतो. शोभेसाठीं पाठ अर्धा मिलिमीटर घासली कीं कोन दीड अंशानें उतरतो, धार नाजूक होते आणि दाढीच्या राठ केसांपुढें मोडते. ज्या कारागिरानें वस्तरा घडविला त्यानें हा हिशेब त्यांत कायमचा बांधून ठेवलेला आहे. सजविणाऱ्याचा कागद तो नकळत मोडतो.

फिरत्या चाकाचा अपराध याहून मोठा. वस्तऱ्याचें पोलाद तापवून, एकदम थंड करून कठीण केलेलें असतें आणि मग सुमारें २०० ते २३० अंश सेंटिग्रेडपर्यंत हलकेंच तापवून त्याचा ठिसूळपणा घालविलेला असतो. चाकाच्या घर्षणानें पात्याची कागदासारखी पातळ कड क्षणांत त्यापलीकडे जाते. ती निळी पडली म्हणजे उष्णता तीनशे अंशांच्या घरांत गेली आणि पाणी उतरलें. निळसर डाग घासून काढतां येतो. गेलेलें पाणी परत येत नाहीं. असला वस्तरा दिसण्यांत राजबिंडा, आणि दोन दिवसांत बोथट. शिवाय चाक पात्याची कड पकडून तें हातांतून उडवूं शकतें, तो धोका वेगळाच.

मग करावें काय? थोडें, आणि सावकाश. आरंभीं खिळीच्या सांध्यांत घासलेटाचे किंवा शिलाई यंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडून वस्तरा एक रात्र तसाच ठेवावा. सैल झालेला तांबडा गंज सकाळीं फडक्यानें पुष्कळसा निघतो. उरलेल्यासाठीं धातु उजळण्याची पेस्ट किंवा अतिशय बारीक, पाण्यांत चालणारा पॉलिश कागद घ्यावा, तो बाटलीच्या बुचाला गुंडाळावा आणि पातें सपाट लांकडावर टेकवून पाठीकडून धारेकडेच घासावें. धारेवरून उलट कधींहि नाहीं. बोटांना आणि धारेला, दोघांनाहि तें मानवतें. तांबडा गंज जिवंत असतो, तो पोलाद खातच राहतो, म्हणून तो काढलाच पाहिजे. करडी, काळसर झांक मात्र पोलादाची रक्षक आहे. ती डाग नव्हे आणि तिला हात लावण्याचें कारण नाहीं. पात्यावर सोनेरी मुलाम्याचीं किंवा आम्लानें कोरलेलीं अक्षरें असतील तर तेथें पेस्टसुद्धां नको. तो मुलामा दोनचार फडक्यांत उडतो. मूठ उगाच उखडूं नये. तिच्या पितळी खिळ्या मूळच्या असल्या तर त्याहि पुराव्याचाच भाग आहेत, आणि त्या कानशीनें उडविल्यावर पुन्हां तशाच बसविणें सराईत हातालाहि अवघड जातें. शिंगाची मूठ कोरडी पडली असेल तर तिला तेल चोळून कांहीं दिवस मुरूं द्यावें.

धार लावणें ही कला शब्दांत मावत नाहीं, पण तिचा नियम सोपा आहे. निसण्यावर धार पुढें आणि पाठ मागें. चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढें आणि धार मागें. उलटवावयाचें तें नेहमीं पाठीवर. निसणा अत्यंत बारीक लागतो. बेल्जियममधील आर्देनच्या डोंगरांत मिळणाऱ्या कोटिकुल नांवाच्या पिवळट दगडाची ख्याति याच कामासाठीं झाली, कारण त्यांत गार्नेटचे सूक्ष्म कण सर्वत्र सारखे विखुरलेले असतात. घरच्या चाकूचा दगड येथें चालवूं नये. दाब मुळींच देऊं नये. वस्तऱ्याचें स्वतःचें वजन पुरें. ज्याला हें जमत नसेल त्यानें वस्तरा न्हाव्याच्या हातीं द्यावा. जुन्या वळणाचा एखादा कारागीर अजून कोठें कोठें भेटतो, आणि त्याला अशी वस्तु पाहून आनंदच होतो. पुन्हां दाढीसाठीं वापरावयाचा असेल तर पातें साबणानें धुऊन स्पिरिटनें नीट पुसावें आणि तो एकाच माणसानें वापरावा. सबंध वस्तरा पाण्यांत उकळल्यास शिंग मुरडतें.

राहतां राहिली सांठवण. कोंकण आणि मुंबईच्या पावसाळ्यांत पोलादाचा वैरी ही हवाच असते. मखमली पेटी आणि चामड्याचें म्यान दिसण्यांत सुंदर, पण दोन्हीं ओल धरतात. त्यापेक्षां तेलाचा पातळ हात देऊन कागदांत गुंडाळलेला वस्तरा उघड्या फळीवर बरा. खोबरेल तेल वापरूं नये. तें कालांतरानें चिकटतें आणि खवट होतें. शिलाई यंत्राचें तेल निर्मळ राहतें. शिंगाच्या मुठीला कीड लागते, म्हणून मधून मधून उजेडांत पाहावें. सेल्युलॉइडची मूठ असेल तर तिच्याकडे अधिक लक्ष हवें. हा पदार्थ जुना झाला कीं आपोआप विघटन पावतो आणि त्यांतून आम्लयुक्त वाफ निघते. मिटलेलें पातें त्या वाफेंत बसून गंजतें, आणि शेजारच्या चांगल्या वस्तऱ्यांनाहि तिचा संसर्ग पोंचतो. आंबूस वास येऊं लागला, मूठ चिरफळली किंवा पात्याच्या नेमक्या मुठींत राहणाऱ्या भागावर नवा गंज दिसला तर विघटन सुरू झालें असें समजावें. असला वस्तरा इतरांपासून वेगळा, हवेशीर जागीं, पातें किंचित् उघडें ठेवून ठेवावा, आणि देवघरांतील समईपासून चार हात दूर.